चौथा ब्लॉक, सहावी दाढ

"दाढ दुखतेय, डॉक्टरांची वेळ मिळेल का?"

"शुअर सर. कुठल्या डॉक्टरांची?"

"दातांच्या."

"हो सर, पण दातांच्या कुठल्या?"

बंगळुरात इतकी वर्षं काढल्यावर कुठल्याही प्रश्नाला ठोकून द्यायला माझ्याकडे एखादं उत्तर असतं, पण इथे मी गारद झालो. "खालच्या," असं म्हणून बघितलं. त्यावर तिने एका दमात यादी वाचली: एंडो, पेरिओ, प्रॉस्थो, ऑर्थो, पेडो. मला ती डॉक्टरांची आडनावं वाटली. गोव्याकडे, केरळात अशी असतीलही. त्यातल्या त्यात भारदस्त वाटले म्हणून प्रॉस्थोसाहेब चालतील, असं मी कळवलं.

"म्हणजे तुमचा दात पडलाय, सर?"

"नाही हो, दाढ दुखतेय."

"मग एंडो. रूट कॅनालच आहे ना?"

"ते डॉक्टर सांगतील ना?"

"मग आधी ओरल मेडिसिन. कुणाकडे पाठवायचं ते ते सांगतील. लहान मुलाची दाढ आहे का, सर?"

"माझी आहे."

"ओके सर, मग पेडो नको," ती म्हणाली, आणि निदान एका डॉक्टरांच्या तावडीतून तरी सुटलो, याचं मला बरं वाटलं.

दाढेचं झालं होतं असं, की मल्लेश्वरमच्या एका कॉन्डिमेंट्समधून कोडुबळी आणली होती. (इकडे फरसाणाच्या दुकानाला कॉन्डिमेंट्स म्हणतात. बाहेरच्या माणसाला हे कळेपर्यंत त्याची एक दिवाळी चिवड्यावाचून जाते.) कोडुबळी म्हणजे आपली कडबोळीच, फक्त तालमीत जाऊन आलेली. बातम्या बघता बघता एक दाढेखाली घेतलं, कडकन आवाज झाला, आणि दोघांपैकी मोडलं कोण हे कळायला जरा वेळ गेला. कोडुबळं शाबूत होतं. रात्र लवंगेवर काढली. लवंग संपल्यावर "मी सांगत होते" या बायकोच्या वाक्यावर काढली.

बंगळुरात दातांचा दवाखाना शोधावा लागत नाही. नुसतं रस्त्याने चालत राहायचं. एक दर्शिनी हॉटेल, एक पीजी, एक मोबाइलचं दुकान, एक डेंटल क्लिनिक, की परत दर्शिनी. आमच्या घरापासून मेट्रो स्टेशनपर्यंत नंदिनीच्या दुधाच्या बूथपेक्षा दातांचे दवाखाने जास्त आहेत. प्रत्येकाच्या पाटीवर एक बाई असते, आणि तिला अक्कलदाढा दिसतील इतकं हसू आलेलं असतं. आपली दाढ ठणकत असताना ते हसू बघवत नाही. इथे डॉक्टर इतके का, याला कारण आहे. १९५८ साली व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या शेजारी सरकारी दंत महाविद्यालय सुरू झालं, आणि पुढे खासगी कॉलेजांचं असं पेव फुटलं की दंत महाविद्यालयांच्या बाबतीत कर्नाटक देशात पहिल्या रांगेत जाऊन बसलं. आपल्याकडूनही पुष्कळ बाप डोनेशनची बॅग पोटाशी धरून रात्रीच्या एसटीने इकडे आले. सरकारी कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर के. आर. मार्केट. तिथल्या फुटपाथवर कापड अंथरून, त्यावर तयार कवळ्यांचा ढीग मांडून बसणारे दंतकारागीर अगदी अलीकडेपर्यंत होते. एक लावून बघायची, नाही बसली तर दुसरी. त्यांनी कधी कुणाला "एंडो की पेरिओ" असं विचारलं नाही.

आमच्या साताऱ्याच्या डॉक्टरांनीही विचारलं नाही. लहानपणी आमच्या पेठेला तेवढे एकच. त्यांच्याकडे उपचार तीन: काढू, भरू आणि बघू. पैकी "बघू" सगळ्यात वाईट, कारण त्याचं पुढे "काढू" होणार हे ठरलेलं असायचं, मधले आठ दिवस नुसती दहशत. त्यांची खुर्ची पायाने दाबत दाबत वर न्यावी लागे. खाली मात्र ती आपल्या मनाने यायची, बहुतेक वेळा ड्रिल तोंडात असताना. ते ड्रिल सुरू झालं की बाहेर बाकावर बसलेल्यांपैकी निम्म्यांची दाढ जागच्या जागी बरी व्हायची आणि ते निघून जायचे. काढलेला दात डॉक्टर कागदाच्या कपट्यात बांधून हातात देत. हिशेब चोख.

आता असा सगळं करणारा माणूस राहिला नाही. दातांचं शिक्षण इंटर्नशिप धरून पाच वर्षं, वर एमडीएसची तीन, आणि एमडीएसच्या शाखा नऊ. माणसाला दात बत्तीस. म्हणजे सरासरी साडेतीन दातांमागे एक तज्ज्ञ. मुळात शिरतो तो एंडो, हिरडी सांभाळतो तो पेरिओ, गेलेल्याच्या जागी नवा आणतो तो प्रॉस्थो, वाकड्याला सरळ करतो तो ऑर्थो, उपटतो आणि जबडा जोडतो तो सर्जन, पोराला थापा मारून तोंड उघडायला लावतो तो पेडो. एक जण तपासतो, फोटो बघतो आणि पुढे पाठवतो. एक जण सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढत नाही. आणि नववा सबंध समाजाच्या दातांची काळजी वाहतो, त्यामुळे त्याला आपल्या एकट्याच्या दाढेचं काही वाटत नाही. एकाच्या हद्दीत दुसरा पाऊल टाकत नाही. दात कुठे संपतो आणि हिरडी कुठे सुरू होते यावरून दोन डॉक्टरांचं माझ्यासमोर अतिशय सभ्य भाषेत बोलणं झालं. माझी बायको बेळगावची. असल्या प्रकरणात तिला काही समजावून सांगावं लागत नाही. "म्हणजे हिरडीचा निकाल सुप्रीम कोर्टातच लागणार," ती म्हणाली आणि पर्समधून शेंगदाण्याची वडी काढून खाऊ लागली.

हे स्वागतकक्षात चाललं होतं. स्वागतकक्ष असा, की आपण दाढ दाखवायला आलोय की फ्लॅट बुक करायला, असा संभ्रम पडावा. बुटांवर निळ्या पिशव्या, कोपऱ्यात कॉफीचं यंत्र, भिंतीवर मासे. मासे खरे नव्हते, टीव्हीत होते, पण बायकोने त्यांचे भाव मनातल्या मनात काढलेच. एका मुलीने माझ्या हातात टॅब दिला. त्यावर फॉर्म. पहिलाच प्रश्न: तुमच्या हास्याला दहापैकी किती गुण द्याल? मी सहा दिले. बायकोने हात लांब करून चार केले.

पुढे दिवसातून किती वेळा ब्रश करता. दोन. फ्लॉस किती वेळा करता. रोज.

या प्रश्नाला आजवर कुणी खरं उत्तर दिलं असेल असं मला वाटत नाही. माणूस देवापुढे खरं बोलतो, वकिलापुढे बोलतो, इन्कम टॅक्सवाल्यापुढे सुद्धा अर्धंमुर्धं बोलतो, पण डेंटिस्टने विचारलं की हरिश्चंद्राच्या तोंडून सुद्धा "रोज, झोपण्यापूर्वी" असंच बाहेर पडेल. आणि गंमत म्हणजे पुढच्या दोन मिनिटांत ते आरसा घालून बघणार असतात.

मग फोटो. म्हणजे सबंध जबड्याचा एक्स-रे, ओपीजी. एका खांबाला तोंड करून उभं राहायचं, हनुवटी इथे, कपाळ तिथे, दातांत ही काडी, मान सरळ, हलू नका, गिळू नका. आणि ते यंत्र कुंईं करत आपल्याला अर्धी प्रदक्षिणा घालतं. १८९५ च्या अखेरीला राँटगेनने क्ष-किरणांचा शोध जाहीर केला आणि काही आठवड्यांतच ओटो वॉल्कहॉफ नावाच्या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्याच दातांचा फोटो काढून घेतला. त्यासाठी तो गृहस्थ २५ मिनिटं न हलता राहिला होता. मला पंधरा-वीस सेकंद काढायचे होते, तेवढ्यात नाकाला खाज, घशाला कोरड आणि खिशातला फोन, तिघेही एकदम आले.

फोटो समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर लागला. माझी कवटी मनापासून हसत होती. लग्नाच्या अल्बमपासून आधार कार्डापर्यंत माझा एकही फोटो धड हसरा नाही. हा एकच आला, तर त्यात चेहरा नाही.

"प्रॉब्लेम सेहेचाळीसमध्ये आहे," ओरल मेडिसिन म्हणाले.

"माझं वय चौपन्न आहे."

"दात, सर. सेहेचाळीस नंबरचा."

"पण दात तर बत्तीसच असतात ना?"

त्यांनी शांतपणे समजावलं. तोंडाचे चार भाग करायचे, वर उजवीकडे एक, तिथून फिरत खाली उजवीकडे चार. मग समोरच्या दातापासून मागे मोजत जायचं. चौथ्या भागातला सहावा तो सेहेचाळीस. जयनगर-कोरमंगलाचा पत्ता असतो तसंच हे, फोर्थ ब्लॉक, सिक्स्थ क्रॉस. एवढं कळल्यावर मला सगळंच कळलं. तिथला रस्ता खोदलेला असणार, आणि खोदणारा एक, भरणारा दुसरा, वरून डांबर टाकणारा तिसरा असणार, हेही ओघानेच आलं.

खोदणाऱ्या डॉक्टर निघाल्या हुबळीच्या, शिकल्या बेळगावात. "मॅडम, बेळगाव?" "हौद्री!" एवढ्यावर दोघींचं जमलं. बंगळूरच्या कन्नडात इतकी वर्षं घुसमटलेली माझी बायको एकदम मोकळी झाली. कुंदा, टिळकवाडी, कॉलेज रोड, पाऊस असा प्रवास सुरू झाला तेव्हा मी आडवा होतो, जबड्यात सुई होती, आणि जिभेचा अर्धा भाग मला सोडून चालला होता. मग तोंडावर रबराचा निळा पडदा ताणून बसवला. त्याला एकच भोक, भोकातून एकटी दाढ बाहेर. शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय चाललंय ते दिसू नये, अशी व्यवस्था. आणि तोंड असं पक्कं बंदोबस्तात गेल्यावर डॉक्टरांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"दुखतंय का?"

"आं."

"आं म्हणजे हो का नाही?"

"आं."

"दुखलं तर डावा हात वर करा."

मी हात वर केला. "अहो, हात काय हलवताय, पडा ना जरा स्वस्थ," बायको म्हणाली.

त्यानंतर मला विचारायचं सोडून डॉक्टर तिलाच विचारू लागल्या, आणि माझी खरी वाट तिथे लागली. "रात्री दात खातात का हो हे?" "खातात म्हणजे? करकरा खातात. पहिली दोन वर्षं मी माळ्यावर उंदराचा सापळा लावत होते." डॉक्टरांनी इंटरकॉम उचलला. प्रॉस्थो आले. "घोरतात?" "वरच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीत पत्र दिलंय." घोरण्याचे वेगळे डॉक्टर आले, ते आठवड्यातून एकदाच येतात, आणि माझं नशीब असं की तो वार नेमका तोच होता. "गार पाणी लागतं?" "गार काय, कोमट पण लागतं." पेरिओ आल्या. घोरणं, दात खाणं, हिरड्या यांतलं काहीच त्या दिवशी दाखवायला आणलेलं नव्हतं. पण नाही म्हणायला ओठ लागतात, आणि ते पडद्यामागे होते. माझ्या तोंडावर चार डोकी वाकली होती आणि चौघं मिळून ठरवत होती की या घराचं नूतनीकरण करायचं की पाडून नवंच बांधायचं.

काम मात्र त्या बाईंनी सुरेख केलं, हे म्हटलं पाहिजे. छताला पडदा टांगला होता, त्यावर सगळं दिसत होतं. सुईहून बारीक, निकेल-टायटॅनियमच्या लवचिक फायली मुळात जात होत्या, आतलं किडकं खरवडून आणत होत्या, मधून मधून ब्लीचच्या पाण्याने धुणं चालू होतं, म्हणजे फरशी पुसतात तेच, फक्त मापात. मुळाचं टोक जवळ आलं की एक यंत्र वाजायला लागतं आणि टोक आलं की त्याचा सूर बदलतो. "हे गाडीला बसवून मिळेल का?" बायकोने विचारलं. "परवाच ह्यांनी बेसमेंटचा खांब..." मी डावा हात वर केला. कुणी लक्ष दिलं नाही.

खालच्या पहिल्या दाढेला मुळं दोन आणि वाटा बहुधा तीन असतात. बराच वेळ शांतता होती, आणि एकदम डॉक्टर ओरडल्या, "चौथी मिळाली!" त्यांना इतका आनंद झाला की शेजारच्या खोलीतून दोन शिकाऊ मुली बघायला आल्या. आयुष्यभरात कुणी माझ्याकडे बघून इतकं हरखलेलं मला आठवत नाही. चौथ्या वाटेचे पैसे वेगळे पडणार नाहीत ना, एवढंच विचारायचं होतं. "आं," मी म्हणालो. "थँक यू, सर," त्या म्हणाल्या.

त्या चारही वाटांत शेवटी गट्टा-पर्चा भरतात. हा मलायाकडच्या एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्रातून तारेच्या केबल टाकल्या, अटलांटिकच्या तळाशी सुद्धा, तेव्हा तारेवर याचंच वेष्टन घालत. म्हणजे माझ्या सेहेचाळीस नंबरात आता लंडनहून न्यूयॉर्कला तार जाईल इतकी सोय झाली आहे. वर तात्पुरतं सिमेंट थापलं, आणि वास आला लवंगेचा. जस्ताच्या पुडीत लवंगेचा अर्क कालवतात म्हणे. आदल्या रात्री तीच लवंग मसाल्याच्या डब्यातून फुकट निघाली होती. इथे ती बिलात स्वतंत्र ओळ घेऊन बसली होती.

कॅपचं प्रकरण मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात माझा अपमान फार आहे. कॅप धातूची, चिनीमातीची, झिर्कोनियाची. कॅपला वॉरंटी कार्ड असतं, पाच वर्षांचं, दहा वर्षांचं, पंधरा वर्षांचं. आमचे फॅमिली डॉक्टर माझे रिपोर्ट बघून ज्या स्वरात "हं" म्हणतात तो लक्षात घेता मी पाच वर्षांचं पुरे म्हणत होतो. मग रंग. रंगांची एक पट्टी असते, सोळा दातांची, त्यातला एकेक ओठाला लावून बघतात. पांढऱ्यापासून सुरुवात केली आणि डॉक्टर सरकत सरकत पार कडेला आले. "सर, चहा?" त्यांनी विचारलं. मला वाटलं मागवतायत, म्हणून हो म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं. वास्तविक माझं बालपण माकडछाप काळ्या टूथपावडरवर गेलं. ती इतकी काळी, की चूळ भरल्यावर कुठलाही दात पांढराच दिसावा. त्या आत्मविश्वासावर आमच्या पिढीने नोकऱ्या मिळवल्या, लग्नं केली. सोळा दातांची पट्टी कुणी ओठाला लावली नाही.

शेवटी काचेच्या केबिनमध्ये नेऊन बसवलं. तिथे डॉक्टर नसतो, ट्रीटमेंट कोऑर्डिनेटर असते. टेबलावर टिश्यूचा डबा असतो, तो कशासाठी ते आकडा ऐकल्यावर कळतं. तिने लॅपटॉप फिरवला. पडद्यावर माझं तोंड, त्यावर लाल वर्तुळं.

"मॅडम, माझी दाढ झाली."

"दाढ कुणाला दिसते, सर? आता दिसणाऱ्या दातांचं बघू या."

मग यादी. दात पांढरे करणे. हिरड्यांना आकार देणे. चौपन्नाव्या वर्षी दात सरळ करायला पारदर्शक साचे. समोरच्या सहांवर पापुद्रे. साताऱ्याच्या डॉक्टरांनी जो दात कागदात बांधून दिला होता त्या रिकाम्या जागी इम्प्लांट. रात्री दात खायला गार्ड, म्हणजे खायचं ते प्लॅस्टिक खा. शेवटी बेरीज: दोन लाख, ब्याण्णव हजार आणि काही. "राउंड फिगर तीन धरा," ती म्हणाली.

बंगळुरातला मराठी माणूस कुठूनही सुरुवात केली तरी पाच मिनिटांत शहाजीराजांवर येतो, तसा मी आलो. १६३८ मध्ये हे शहर आदिलशाहीने जिंकलं आणि पुढे शहाजीराजांना जहागीर मिळालं. त्यांच्यामागे व्यंकोजीराजांनी तंजावरला बसून ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना विकायला काढलं. मध्येच मोगलांनी घेतलं, पण १६८७ साली शेवटी वोडेयरांकडेच गेलं. किंमत तीन लाख रुपये. "किल्ल्यासकट," मी सांगितलं. "तळी, पेठा, सगळं धरून. तुम्ही त्यात फक्त माझं तोंड देताय."

"सर, पण त्यात ईएमआय नसेल," ती म्हणाली. मुलगी हुशार होती.

वर जीएसटी. दुखण्याच्या उपचारावर तो नाही, निव्वळ सौंदर्यासाठी काही केलंत तर १८ टक्के. सरकारच्या लेखी कण्हणं माफ, हसणं करपात्र. मेडिक्लेमचं विचारू नका. आमच्या पॉलिसीच्या मते दात हा शरीराचा भाग नाही. अपघातात पडला तर मात्र पडता क्षणी तो शरीराचा भाग होतो. तीन लाखांना मी अर्थातच ठाम नकार दिला. बाहेर पडलो तेव्हा माझ्या हातात रूट कॅनाल आणि कॅपची पावती होती, रात्रीचं गार्ड होतं, आणि बॅटरीवर चालणारा एक ब्रश होता. तो कधी घेतला ते मला आजही आठवत नाही. गार्डचा उपयोग होतो का, असं लोक विचारतात. मी रात्री दात खातो ते संध्याकाळी सिल्क बोर्डच्या सिग्नलला न खाता आलेले असतात. तिथे लावायचं गार्ड निघालं तर कळवा.

कॅप बसवायला एकटाच गेलो, तर परतीला निराळंच. ओठ बधिर, आणि मी राहतो ते मल्लेश्वरम ओठांशिवाय उच्चारता येत नाही. मी रिक्षावाल्याला सांगितलं, "नल्लेश्वरन." त्याने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं आणि तमिळमध्ये बोलायला लागला. मीटरबद्दल होतं की मुलांबद्दल, मला कळलं नाही, पण मी प्रत्येक वाक्याला मान हलवत गेलो आणि घरी पोचल्यावर कळलं की मीटरबद्दल होतं.

या दुःखाचं पुढे प्रतिष्ठेत रूपांतर होतं, ते मला गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात कळलं. नाटकाच्या मध्यंतरात पूर्वी कोथरूडच्या फ्लॅटचे भाव निघत, आता इम्प्लांटचे निघतात. "आमचा स्वीडनचा." "आमचा स्वित्झर्लंडचा." एक जण बटाटेवडा खाता खाता हळूच म्हणाले, "कोरियाचा आहे, पण चांगला आहे," आणि मंडळींनी त्यांना सांभाळून घेतलं. स्वीडनवाल्यांचा तोरा वेगळाच. ब्रोनेमार्क नावाच्या त्यांच्या डॉक्टरने १९५० च्या दशकात सशाच्या पायात टायटॅनियमची डबी बसवली होती, काढायला गेला तर हाडाने ती धरून ठेवलेली. तिथून सगळं सुरू झालं. १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसले. हे सगळं सांगणाऱ्या गृहस्थांनी बिल सुद्धा लॅमिनेट करून ठेवलं आहे. मी माझ्या चौथ्या वाटेचं सांगायला गेलो. "तिसऱ्या घंटेनंतर बोलू," ते म्हणाले.

मग आई आली साताऱ्याहून. वय एक्याऐंशी. वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या. दवाखान्यातून मेसेज येतच होते, आधी मला वाढदिवसाच्या शुभेच्छा, मग माझ्या कॅपला महिना झाल्याच्या, मग "कुटुंबीयांची तपासणी मोफत". मोफत शब्द वाचल्यावर आईला घरात ठेवणं शक्य नव्हतं.

त्याच केबिनमध्ये, त्याच टिश्यूच्या डब्यासमोर तिला बसवलं. "अम्मा, दात दाखवा," कोऑर्डिनेटर म्हणाली. आईने दोन्ही कवळ्या काढून काचेच्या टेबलावर ठेवल्या. शेजारच्या मुलांच्या विभागात एक पोर मघापासून आकांत करत होतं, ते काचेला नाक लावून गप्प उभं राहिलं. पाठोपाठ आणखी दोन आली. पेडो डॉक्टर सुद्धा आले आणि "आजी, पुन्हा एकदा लावून काढता का?" असं विचारू लागले.

कोऑर्डिनेटरने जबड्याचं मॉडेल उघडून सांगायला सुरुवात केली. खाली चार स्क्रू, वर चार स्क्रू, त्यावर पक्के दात. काढायचे नाहीत, घालायचे नाहीत.

"काढायचेच नाहीत?" आईने बायकोला विचारलं. "मग घासायचे कसे?"

"तोंडातच, आई. आपण घासतो तसे."

"आणि दुखले तर?"

"ते दुखत नाहीत अम्मा," मुलगी म्हणाली, तिला तेवढं मराठी आता कळायला लागलं होतं. "आणि वॉरंटी आहे. लाइफटाइम."

आईने कवळ्या उचलल्या, पदराने पुसल्या, बसवल्या, दोनदा चावून बघितल्या आणि मग स्वच्छ हिंदीत विचारलं, "किसका लाइफ? तुम्हारा का मेरा?"

मुलगी थोडा वेळ लॅपटॉपकडे बघत राहिली. मग मॅनेजरना विचारून येते, असं सांगून आत गेली. "येईपर्यंत तिकडची कॉफी पण मोफत आहे का बघ," आई मला म्हणाली.